मीटर काउंटर पुन्हा पुन्हा चुकतो, तेव्हा फॅक्टरला हात लावण्याआधी

कापड तपासून रोल करणाऱ्या यंत्रावरचा मीटर काउंटर चुकतो, कोणीतरी त्याचा फॅक्टर थोडा बदलून तो बरोबर करून देतो, आठ-दहा दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग तो पुन्हा चुकू लागतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पूर्वभागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये पॅनल आणि मोजणीची उपकरणे दुरुस्त करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, आता यंत्र बघण्याआधीच मी एक प्रश्न विचारतो: याचा फॅक्टर आजवर किती वेळा बदलला आहे? उत्तर बहुधा 'पुष्कळ वेळा' असे येते, आणि दुखणे बरे न होण्याचे कारणही बहुधा तेच असते.

काउंटर दोन वेगळी कामे करतो. सेन्सरकडून आलेला प्रत्येक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, मोजणे हे पहिले काम, आणि त्या संख्येला फॅक्टरने गुणून मीटर, लिटर किंवा नग दाखवणे हे दुसरे. पहिल्या कामात चूक होत असताना दुसऱ्या कामातला आकडा बदलून ती झाकली, तर ती दुरुस्ती त्या दिवशीच्या वेगाला, त्या दिवशीच्या कापडाला आणि त्या पाळीच्या कामगाराच्या हाताला तेवढी जुळते. यांपैकी काहीही बदलले की तीच दुरुस्ती नवी चूक होऊन बसते. म्हणून पल्स आधी आणि गणित नंतर, हा क्रम मोडू नये असे माझे ठाम मत आहे.

ज्या यंत्रावर मला हे नीट उमगले, त्याचेच उदाहरण घेतो. टेरी टॉवेलचे कोरे कापड तपासून त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे रोल करणारे ते यंत्र होते. १२० मिलिमीटर व्यासाच्या रोलरच्या बाजूला चार बोल्ट बसवून त्यांच्या समोर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की पल्स देणारा सेन्सर, लावलेला होता, म्हणजे रोलरच्या एका फेऱ्यात चार पल्स येत होते. रोलरचा परीघ ३७६.९९ मिलिमीटर, त्यामुळे एका पल्सला ९४.२५ मिलिमीटर कापड, आणि मीटरच्या हिशेबात फॅक्टर ०.०९४२. यंत्र बसवणाऱ्याने हाच फॅक्टर भरला होता. मी गेलो तेव्हा मात्र काउंटरमध्ये ०.०९८० होता, म्हणजे जवळजवळ चार टक्के जास्त.

चौकशी केल्यावर क्रम कळला. सुरुवातीला काउंटर कमी दाखवत होता, त्यामुळे पन्नास मीटर म्हणून बांधलेल्या रोलमध्ये कापड जास्त जात होते आणि नुकसान कारखान्याचे होत होते. ते लक्षात आल्यावर पर्यवेक्षकांनी फॅक्टर चार टक्क्यांनी वाढवला आणि दिवसपाळीत आकडे बरेचसे जुळले. रात्रपाळीत मात्र दोष जास्त असलेला माल तपासायला येत असे, तो सावकाश चालवावा लागे, आणि त्या कमी वेगाला काउंटर सगळे पल्स मोजत होता. वाढवलेल्या फॅक्टरमुळे तो आता जास्त दाखवू लागला आणि पन्नास मीटरच्या रोलमध्ये कापड पन्नासहून कमी निघू लागले. मग व्यापाऱ्यांची तक्रार आली, मग फॅक्टर कमी झाला, मग पुन्हा वाढला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. असे नाव लावून जाणाऱ्या मालाच्या मापाबद्दल कोणाला शंका घ्यावी लागावी, ही गोष्ट मला मनापासून खटकते. शिवाय ज्या मापावर विक्रीचा व्यवहार ठरतो, त्याला वैध मापन अधिनियम, २००९ लागू होतो, हेही विसरता येत नाही.

आधी फॅक्टर एक करा

सध्याचा फॅक्टर, दशांश चिन्हाची जागा आणि इनपुटच्या सर्व सेटिंग कागदावर उतरवून घ्या. त्यानंतर फॅक्टर १ आणि दशांश चिन्ह शून्य स्थळांवर ठेवा, म्हणजे काउंटर फक्त पल्स मोजेल आणि त्याच्या गणिताचा संबंध राहणार नाही. रोलरवर खडूने एक रेघ ओढा, काउंटर रिसेट करा आणि कापड न लावता रोलर हाताने बरोबर पंचवीस फेरे फिरवा. चार बोल्टांच्या रोलरवर आकडा १०० यायला हवा. ९९ किंवा १०१ आला तर सुरुवातीला बोल्ट सेन्सरच्या अगदी कडेला होता असे समजून पुन्हा एकदा फिरवून पाहावे, पण ७५ आला तर एक बोल्ट सेन्सरला दिसतच नाही, आणि २०० आला तर काउंटर प्रत्येक पल्सच्या दोन्ही कडा मोजत आहे, असा सरळ अर्थ निघतो. दोन्ही कडा मोजणे ही इनपुटच्या पद्धतीची सेटिंग असते. ती एका कडेवर आणावी, फॅक्टर निम्मा करून भागवू नये.

काउंटर काहीच मोजत नसेल तर तपासणी लवकर संपते. तीन वायरच्या सेन्सरमध्ये तपकिरी वायर अधिक, निळी वजा आणि काळी आउटपुट असते. सेन्सर एनपीएन प्रकारचा असेल तर तो आउटपुट वजाकडे ओढतो, पीएनपी प्रकारचा असेल तर अधिककडे जोडतो, आणि काउंटरचे इनपुट त्याच प्रकाराला लावलेले असावे लागते. सेन्सरच्या पाठीवरचा दिवा लागतो आणि विझतो, तरी काउंटर ढिम्म राहतो, अशी स्थिती असेल तर दहापैकी नऊ वेळा ही जुळणी चुकलेली असते. जुना सेन्सर जळाला म्हणून दुकानातून जो मिळेल तो आणून बसवला, की हे हमखास घडते.

सेन्सरचे अंतर मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. सेन्सरवर लिहिलेले अंतर, समजा ४ मिलिमीटर, हे साध्या लोखंडाच्या पुरेशा रुंद तुकड्यासाठी असते. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट असेल तर ते कमी होते, आणि पितळ किंवा ॲल्युमिनियम असेल तर निम्म्याच्याही खाली जाते. त्यामुळे लिहिलेल्या अंतराच्या साधारण निम्म्यावर सेन्सर बसवावा आणि चारही बोल्टांची डोकी एकाच पातळीत आहेत की नाहीत हे पट्टी लावून पाहावे. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू सतत उडत असतात आणि काही दिवसांत त्यांचा थर प्रत्येक वस्तूवर बसतो. प्रकाशावर चालणारा सेन्सर त्या थराने आंधळा होतो. धातू ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला त्याचा त्रास होत नाही. म्हणून ज्या ठिकाणी धातूचे लक्ष्य लावणे शक्य आहे, त्या ठिकाणी मी प्रकाशाचा सेन्सर सुचवत नाही.

वेग वाढला की पल्स हरवतात

हाताने फिरवल्यावर आकडा १०० आला, म्हणून मोजणी बरोबर आहे असे समजू नये. त्या टॉवेलच्या यंत्रावरही हाताने १००च येत होते. खरी परीक्षा वेगाची असते. त्यासाठी एका पातळ कापडावर शंभर मीटरच्या दोन्ही टोकांना रंगीत दोऱ्याची खूण केली आणि फॅक्टर १ ठेवूनच ते कापड वेगवेगळ्या वेगाने यंत्रातून काढले. येथे आकडा किती येतो याला महत्त्व नसते. प्रत्येक वेगाला तोच येतो की नाही, एवढेच पाहायचे असते. सावकाश चालवल्यावर १०५७ आणि १०५६ आले. मिनिटाला साठ मीटर या नेहमीच्या वेगाला १०१४ आणि १०१९ आले. कापड तेच, रोलर तोच, आणि चार टक्के पल्स वाटेतच नाहीसे झाले होते.

ते कोठे गेले, याचा शोध इनपुटच्या गाळणीत, म्हणजे फिल्टरच्या सेटिंगमध्ये, लागला. बहुतेक काउंटरमध्ये इनपुटचा कमाल वेग निवडण्याची सोय असते आणि त्यात सेकंदाला ३०, ३००, १००० असे पर्याय असतात. या काउंटरवर ३० निवडलेला होता. पर्यवेक्षकांचे म्हणणे असे की, साठ मीटरच्या वेगाला सेकंदाला जेमतेम अकरा पल्स येतात, मग तीसची मर्यादा पुरेशी नाही का? हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. तीसची मर्यादा याचा अर्थ, पल्स चालू असण्याचा काळ आणि बंद असण्याचा काळ हे दोन्ही किमान १६.७ मिलिसेकंद असले पाहिजेत, असा असतो. जो पल्स याहून आखूड असेल, त्याला काउंटर विजेचा त्रासदायक झटका समजून टाकून देतो.

आता बोल्टाचे डोके सेन्सरसमोर किती वेळ असते ते पाहू. बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते, म्हणजे त्या वर्तुळाचा परीघ ३१४ मिलिमीटर, आणि एक डोके सेन्सरला साधारण १५ मिलिमीटर रुंदीपर्यंत दिसत होते. साठ मीटरच्या वेगाला रोलरचा एक फेरा ३७७ मिलिसेकंदांत होतो, त्यातला १५ मिलिमीटरचा वाटा १८ मिलिसेकंद. मर्यादेच्या वर, पण अगदी काठावर. चार बोल्टांपैकी एक थोडा जास्त आवळला गेल्याने आत बसला होता, तो सेन्सरला १४ मिलिमीटरच दिसत असावा, आणि त्याचा पल्स १६.८ मिलिसेकंदांवर आला होता. वेगात किंचित चढउतार झाला की त्या एका बोल्टाचे काही पल्स गळत होते. ही गोष्ट पटवण्यासाठी मी यंत्राचा वेग पंचाहत्तर मीटरवर नेला. तेथे प्रत्येक बोल्टाचा पल्स १४.४ मिलिसेकंदांवर किंवा त्याखाली येतो, म्हणजे सगळेच पल्स मर्यादेखाली जातात. कापड धावत होते आणि काउंटर जागच्या जागी थांबला. वर्षभर फॅक्टर बदलणाऱ्या माणसांना याहून वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि शक्य असेल तर दोन्ही करावेत. पहिला उपाय म्हणजे गाळणीचा पर्याय ३०० वर नेणे, तेथे १.६७ मिलिसेकंदांचा पल्सही मोजला जातो. तीस किंवा त्याहून कमीचे पर्याय हे मायक्रोस्विच किंवा रिलेच्या संपर्कासाठी असतात, कारण धातूचे संपर्क मिटताना काही क्षण थरथरतात आणि एका दाबाचे चार-पाच पल्स होतात. प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या आत असे संपर्क नसतात, त्यामुळे त्याला इतक्या संथ गाळणीची गरज नसते. दुसरा उपाय लक्ष्य सुधारण्याचा. बोल्टांऐवजी चार दाते आणि चार खाचा असलेली लोखंडी चकती रोलरच्या टोकाला बसवली आणि दाते व खाचा सारख्या रुंदीच्या ठेवल्या, तर पल्सचा चालू आणि बंद काळ समान होतो. ही चकती शेडजवळच्या लेथवर एका दिवसात कापून मिळते. त्यानंतर त्याच कापडाने प्रत्येक वेगाला १०५६ किंवा १०५७ असेच आकडे दिले.

न आलेले पल्स कसे मोजले जातात

गाळणी उघडली की तिच्यामागे अडून राहिलेले दोष पुढे येतात, आणि येथे मीही एकदा घाई केली होती. गाळणी ३०० वर नेऊन मी निघून आलो, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की यंत्र बंद असतानाही आकडा वाढतो. कारण साधे होते. सेन्सरची वायर मोटारीच्या वायरबरोबर एकाच पट्टीत बांधून पॅनलपर्यंत आणलेली होती, आणि ती मोटार व्हीएफडीवर, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालत होती. ड्राइव्हच्या वायरमधून निघणारे झटके आधी संथ गाळणी अडवत होती. आता ते पल्स म्हणून मोजले जाऊ लागले.

याची तपासणी रोलर स्थिर ठेवून करावी. फॅक्टर १ ठेवा, काउंटर रिसेट करा, रोलरला हात लावू नका आणि शेजारची प्रत्येक मोटार, प्रत्येक कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) चार-पाच वेळा चालू-बंद करा. आकडा शून्यावर राहिला पाहिजे. ज्या कॉन्टॅक्टरबरोबर तो हलतो, तो दोषी धरून त्याच्या कॉइलवर झटके शोषणारे उपकरण लावावे. एसी कॉइल असेल तर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची जोडी, डीसी असेल तर डायोड. सेन्सरची केबल शील्ड, म्हणजे धातूचे आवरण, असलेली घ्यावी, तिचे शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थिंगला जोडावे, आणि केबल मोटारीच्या वायरपासून वेगळ्या मार्गाने न्यावी. दोन्हींना एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडू द्यावे. दूरवर रिसेटचे बटण नेलेले असेल तर त्याच्या वायरलाही हाच नियम लागू आहे, कारण तेथे झटका आला तर आकडा वाढण्याऐवजी मध्येच शून्य होतो आणि पाळीचा सगळा हिशेब जातो.

कापड तपासणीच्या यंत्रावर जास्त मोजणी होण्याचे याहूनही मोठे एक कारण असते, आणि ते विजेशी संबंधित नसल्यामुळे आम्हा पॅनलवाल्यांच्या नजरेतून सुटते. कापडात दोष दिसला की तपासणारा कामगार यंत्र थांबवतो, कापड हाताने किंवा उलट्या बटणाने मीटरभर मागे घेतो, दोष पाहतो, खूण करतो आणि पुढे जातो. एकच सेन्सर असलेल्या काउंटरला दिशा कळत नाही. मागे गेलेला एक मीटर तो पुढे गेलेला म्हणून मोजतो, आणि तोच मीटर पुन्हा पुढे जाताना आणखी एकदा मोजला जातो. एका रोलमध्ये असे तीन वेळा झाले तर काउंटर सहा मीटर जास्त दाखवेल. कोणताही फॅक्टर हे सुधारू शकत नाही, कारण चूक लांबीवर नसून दोषांच्या संख्येवर अवलंबून असते. येथे दोन सेन्सर पाव पल्सच्या अंतराने बसवावेत किंवा दोन आउटपुटचा एन्कोडर (फिरण्याचे पल्स देणारे उपकरण) लावावा, आणि काउंटरची पद्धत दिशा ओळखून अधिक-उणे करणारी निवडावी. या पद्धतीत एक पट, दोन पट आणि चार पट असे पर्याय येतात. चार पट निवडले तर एन्कोडरच्या शंभर पल्सचे चारशे होतात, हे फॅक्टर काढताना ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे एक कारण आपल्या शेडमधल्या हादऱ्यांचे. शेजारी धोट्याचे माग चालू असतील तर फरशीही थरथरते. यंत्र थांबताना बोल्ट नेमका सेन्सरच्या कडेवर उभा राहिला आणि सेन्सरची पट्टी ढिली असली, तर त्या थरथरीने दिवा लुकलुकतो आणि पल्स वाढत जातात. पट्टी जाड पत्र्याची करून यंत्राच्या सांगाड्याला दोन बोल्टांनी बांधली की हा त्रास थांबतो. दिशा ओळखणाऱ्या दोन सेन्सरच्या पद्धतीत तो मुळात निष्प्रभ होतो, कारण थरथरीत एक पल्स अधिक झाला की दुसऱ्याच क्षणी तोच उणे होतो.

आता गणित

पल्स प्रत्येक वेगाला सारखे येत आहेत आणि यंत्र थांबले की आकडाही थांबतो, एवढे निश्चित झाल्यावर फॅक्टरकडे वळावे. त्याआधी आपला काउंटर दशांश चिन्हाकडे कसे पाहतो, हे तपासणे आवश्यक आहे. काही काउंटरमध्ये दशांश चिन्ह फक्त दिसण्यापुरते असते आणि फॅक्टर शेवटच्या अंकाला लागू होतो. काहींमध्ये फॅक्टर प्रत्यक्ष एककाला लागू होतो. माहितीपुस्तिका हरवलेली असली तरी हे एका मिनिटात कळते. फॅक्टर १ ठेवा, दशांश चिन्ह दोन स्थळांवर न्या आणि एकच पल्स द्या. ०.०१ दिसले तर पहिला प्रकार, १.०० दिसले तर दुसरा. हे न तपासता फॅक्टर भरला, तर आकडा दहापट किंवा शंभरपट चुकतो. ही चूक ढोबळ असल्यामुळे लगेच पकडली जाते. खरे नुकसान बारीक चुकीने होते.

बारीक चूक अंक तोडल्यामुळे होते. आपल्या रोलरचा खरा फॅक्टर ०.०९४२४८ आहे. काउंटर तीनच दशांश स्थळे घेत असेल तर ०.०९४ भरावे लागेल आणि हजार मीटरला २.६ मीटर कमी दिसतील. चार स्थळे मिळाली तर चूक हजार मीटरला अर्ध्या मीटरवर येते. पहिल्या प्रकारच्या काउंटरमध्ये यावर चांगली सोय आहे: दशांश चिन्ह दोन स्थळांवर ठेवून शेवटचा अंक सेंटिमीटर मानावा आणि फॅक्टर ९.४२४८ असा भरावा. जागा तेवढीच लागते, पण उपयोगी अंक पाच मिळतात. सहा अंकी डिस्प्लेवर ९९९९.९९ मीटरपर्यंत मोजता येते, आणि एका पाळीला ते पुरेसे आहे.

मागावरच पिक (आडवे धागे) मोजून लांबी काढायची असेल, तर हीच चूक फार मोठी होते. इंचाला ४० पिक असलेल्या कापडात एका पिकला ०.०००६३५ मीटर कापड विणले जाते. चार दशांश स्थळे घेणाऱ्या काउंटरमध्ये हे ०.०००६ होऊन बसते, आणि शंभर मीटर कापड ९४.५ मीटर दिसते. एका कारखान्यात या साडेपाच टक्क्यांचा दोष महिनाभर मागावरच्या, विणलेले कापड ओढून घेणाऱ्या यंत्रणेला दिला जात होता आणि जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) बिचारे गिअर तपासत बसले होते. एकक सेंटिमीटर करून ०.०६३५ भरले की चूक राहतच नाही. काही काउंटरमध्ये गुणकाबरोबर भाजकही भरता येतो; तेथे पल्सच्या संख्येला आधी १०० ने भागून घ्यावे आणि फॅक्टर ०.०६३५ ठेवावा, परिणाम तोच येतो.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि तेथून प्रवाहमापकाच्या काउंटरबद्दलही विचारणा होते. तेथे गणित उलटे असते. मापकाच्या पाटीवर एका लिटरला किती पल्स ते लिहिलेले असते, आणि काउंटरला एका पल्सला किती लिटर ते हवे असते. पाटीवर ४५० असेल तर फॅक्टर १ भागिले ४५०, म्हणजे ०.००२२२२. तीच संख्या सरळ भरण्याची चूक मी अनुभवी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

कापडाची जाडी

गणिताने काढलेला फॅक्टर उघड्या रोलरचा असतो. कापड रोलरवरून वळण घेऊन जाते तेव्हा त्याची लांबी रोलरच्या पृष्ठभागावर मोजली जात नाही, तर कापडाच्या जाडीच्या मध्यावर मोजली जाते. पातळ कापडाला हा फरक नगण्य असतो. टेरी टॉवेलचे कापड मात्र तीन मिलिमीटर जाड असेल, तर १२० मिलिमीटरचा रोलर मोजणीच्या दृष्टीने १२३ मिलिमीटरचा होतो, आणि उघड्या रोलरच्या फॅक्टरने काउंटर सुमारे अडीच टक्के कमी दाखवतो. पल्सची गळती थांबवल्यावरही त्या यंत्रावर टॉवेलचे शंभर मीटर ९७.६ दिसत होते, त्याचे कारण हे होते. म्हणजे पर्यवेक्षकांनी फॅक्टर वाढवला यात काही अंशी तथ्य होते; फक्त त्यात गळलेल्या पल्सचा भागही मिसळला गेला होता आणि दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

येथे, आणि येथेच, फॅक्टर प्रत्यक्ष मापावरून सुधारणे योग्य आहे. जुन्या फॅक्टरला खऱ्या लांबीने गुणावे आणि काउंटरवर दिसलेल्या लांबीने भागावे. ०.०९४२ गुणिले १०० भागिले ९७.६, म्हणजे ०.०९६५. खरी लांबी पोलादी फितीने, कापड सपाट टेबलावर ताण न देता पसरून, दहा-दहा मीटरच्या टप्प्यांनी मोजावी. पाच मीटरवर मोजून फॅक्टर ठरवू नये, कारण तेथे एका पल्सची चूकही दोन टक्क्यांच्या घरात जाते. मोजणी तीन वेळा करावी, आणि तीन उत्तरांत अर्ध्या टक्क्याहून अधिक अंतर असेल तर फॅक्टर न बदलता पुन्हा पल्सच्या तपासणीकडे जावे.

ताण हाही याच हिशेबात येतो. रोल करताना कापड ओढलेले असते आणि टेबलावर सैल झाल्यावर ते थोडे आखडते. हा काउंटरचा दोष नाही. कापड ज्या स्थितीत विकले जाते त्या स्थितीतली लांबी खरी मानून फॅक्टर काढावा, आणि यंत्राचा ताण त्यानंतर बदलू नये. टॉवेल आणि चादर एकाच यंत्रावर चालत असतील तर दोघांचे फॅक्टर वेगळे ठेवावे लागतात. दोन फॅक्टर साठवून बटणाने निवडता येतील असा काउंटर घेणे अशा ठिकाणी मला किमतीच्या दृष्टीनेही योग्य वाटते. तसा नसेल, तर कापडावर अलगद टेकणारे मोजणीचे चाक लावावे. ते कापडाच्या सपाट भागावर चालत असल्यामुळे जाडीचा प्रश्न येत नाही. त्या चाकाचा रबर मात्र गुळगुळीत झाला की ते घसरते आणि आकडा कमी येऊ लागतो, म्हणून ते महिन्यातून एकदा पुसावे आणि तपासावे.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. वीज गेल्यावर आकडा शून्य होत असेल, तर सेन्सर तपासण्याआधी काउंटरमधली स्मृती राखण्याची सेटिंग पाहावी. ती बंद असू शकते. ठरलेल्या लांबीला यंत्र थांबवणारा रिले वापरत असाल आणि प्रत्येक रोल सारखाच तीस-चाळीस सेंटिमीटर जास्त येत असेल, तर तो यंत्र थांबताना पुढे सरकण्याचा परिणाम आहे. दोन मीटर आधी वेग कमी करणारा दुसरा प्रीसेट लावावा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या बंद पॅनलमध्ये उष्णता त्याहून पुष्कळ जास्त असते, म्हणून काउंटरच्या पॅनलला वारा खेळण्याची वाट ठेवावी आणि जाळीवर साचलेले तंतू दर आठवड्याला झाडावेत.

शेवटचे काम पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवण्याचे. त्यावर रोलरचा व्यास, एका फेऱ्यातले पल्स, गाळणीचा पर्याय, दशांश चिन्हाची जागा, प्रत्येक कापडाचा फॅक्टर, शंभर मीटरला फॅक्टर १ वर येणारे पल्स आणि तारीख एवढे लिहावे. पूर्वभागातल्या बऱ्याच शेडमध्ये कामगार आपापसांत तेलुगू बोलतात, म्हणून मी हा कागद मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत करून घेतो. तेलुगू मजकूर पाळीतल्याच एखाद्याकडून लिहून घ्यावा, म्हणजे तो त्यांच्या बोलण्यातल्या शब्दांत येतो. काउंटरला कुलपाची सोय असेल तर ती चालू करावी आणि तिचा आकडा दोनच माणसांकडे ठेवावा. आकडा चुकल्याची पुढची तक्रार आली की आधी खुणेचे शंभर मीटर कापड फॅक्टर १ वर यंत्रातून काढून कागदावरच्या पल्सच्या संख्येशी ताडून पाहावे. संख्या जुळली तर कापड किंवा ताण बदलला आहे. जुळली नाही तर सेन्सर, त्याची पट्टी, केबल आणि रोलर पाहावा. त्या टॉवेलच्या यंत्रावरच्या कागदावर १०५७ लिहिलेले आहे, आणि ०.०९६५ हा फॅक्टर तेव्हापासून कोणाला बदलावा लागलेला नाही.